अभ्यास समक्ष पाहिला, सबब घरपट्टी माफ

मला लिहायला लावू नका, असं मी तीनदा सांगितलं. पेन्शनर मंडळाचा अंक निघतोय म्हणे, त्यात नगरपालिकेतल्या जुन्या गमती पाहिजेत म्हणे. गमती! इतकी पदवीवाली माणसं रिटायर होऊन पारावर बसलीत, त्यांना सांगा की. मी चौथी पास. तीही मास्तरानं कंटाळून केलेली. पण नाही. "भिला आबा, ते एम.ए.वालं प्रकरण तुमच्याच तोंडून पाहिजे!" घ्या मग. हात तुमचा, शाई तुमची, शुद्धलेखनाचं पापही तुमचं.

आणि तो एक किस्सा नाही. घरपट्टी खात्याचा शिपाई उन्हातान्हात दारोदार फिरला की धोतराला कुसळं चिकटावीत तसे किस्से चिकटतात. घरी येऊन झटकले तर चार पडतात, बाकीचे बसल्या जागी टोचत राहतात. मला टोचतात ते सांगतो. हसायचं की नाही, तुमचं तुम्ही बघा.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. गावाचं नाव घेत नाही. जळगाव आणि धुळ्याच्या मधे कुठंतरी समजा. गावातल्या कॉलेजला एम.ए.चे वर्ग नवे मिळाले. वर्ग मिळाले, पोरं मिळेनात. वसतिगृह नव्हतं. सोनगीरकडची, शिरपूरकडची पोरं येऊन राहणार कुठं? पट भरला नाही तर वर्ग बंद. म्हणून आमच्या पालिकेनं ठराव केला: ज्या घरात एम.ए. शिकणारा विद्यार्थी राहील, मग तो भाडेकरू असो की घरचा, त्या घराची घरपट्टी शिक्षण चालेल तोवर माफ.

ठराव चांगला होता. खोड होती शेवटच्या ओळीत. 'विद्यार्थी प्रत्यक्ष अध्ययन करीत असल्याचे पालिका कर्मचाऱ्याने वर्षातून तीन वेळा अचानक जाऊन समक्ष पाहावे. तिन्ही वेळा न दिसल्यास माफी रद्द.'

उन्हात कोण फिरणार? क्लार्क लोकांनी पंखा सोडला नाही. हेडक्लार्क वाणी साहेबांनी वही माझ्यापुढं टाकली.

मी म्हटलं, "साहेब, मी चौथी पास. एम.ए.चा अभ्यास मला काय कळणार?"

"म्हणूनच तू," वाणी म्हणाले. "ज्याला कळतं तो मत देतो. तू फक्त बघ!"

यात माझी स्वतःची मान कशी अडकली ते आधीच सांगतो. माझी सून शालिनी. चाळीसगावची, रेल्वेतल्या गँगमनची पोरगी. लग्नाच्या बैठकीत तिच्या बापानं एकच मागितलं, "पोरगीला एम.ए. पुरं करू द्या." मी चारचौघांत शब्द दिला. पोरगा माझा सुरतेला नोकरीला, त्याची ना नव्हती. ना होती ती कौतिकची. कौतिक म्हणजे माझी बायको; सून तिला अक्का म्हणते. बाई मनानं वाईट नाही, पण घरात ती बोलली की ठराव. ती म्हणाली, "पट्टी माफ शे तवर शिक. ज्या दिनले पट्टी उनी, त्या दिनले पुस्तक बंद!"

म्हणजे माझा शब्द त्या माफीवर टांगलेला. आणि कर्मचाऱ्यानं स्वतःचं घर तपासायचं नाही असा नियम, म्हणून माझ्या घरी येणार होते खुद्द वाणी साहेब. हा माणूस पट्टीच्या कामाला गेला की त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचा नाही. कळलं? आता पुढं.

*

पहिलंच घर गोदूबाईचं. दुपारी दोन. सोनगीरचा पोरगा तिच्याकडे ठेवलेला. मी कडी वाजवली तर आतून आवाज, "ऊठ रे! पट्टीवाला उना! काहीतरी हातमा धर!"

मी आत गेलो. पोरगा खाटेवर ताठ बसलेला, केस उभे, डोळे मिटलेले, आणि हातात गोदूबाईचं रेशनकार्ड!

मी म्हटलं, "वाच मोठ्यानं."

पोरगा वाचायला लागला, "साखर... गहू... रॉकेल..."

"विषय कोणता?"

"अर्थशास्त्र!"

मी काय करणार? वाचत तर होता. लिहिलं, 'समक्ष पाहिले.' गोदूबाईनं माझ्यासमोर त्याच्या पाठीत धपका घातला. "दोन मैनापासून सांगस, झोपायना पहिले पुस्तक उशापाशी ठेव!"

बाहेर आलो तेव्हा हसू येत होतं. कोपऱ्यापर्यंत आलो आणि हसू विरलं. हा झोपलेला असून वहीत अभ्यासू. माझी सून पहाटे पाचला उठते, कॉलेजला जाऊन येते, घरात पाय पसरलेली मी तिला पाहिली नाही. आणि हातात पुस्तक? तेही मी कधी पाहिलं नव्हतं.

*

कापडवाले सुकलाल शेठ. त्यांच्याकडचा विद्यार्थी म्हणजे त्यांचा मेहुणा. डोक्यावर टक्कल, दोन पोरांचा बाप, आणि एम.ए. पहिल्या वर्षाला.

"केव्हापासून शिकतो?" मी विचारलं.

"ठराव झाल्यापासून," शेठ म्हणाले. खरं बोलणारा माणूस!

ठरावात लिहिलेलं होतं, शिक्षण चालेल तोवर. किती चालेल ते लिहिलेलं नव्हतं. पहिल्या साली मेहुणा नापास झाला. शेठनी दुकानात पेढे वाटले. मलाही दोन मिळाले. दुसऱ्या साली पुन्हा नापास. पुन्हा पेढे, या वेळी केशराचे.

तिसऱ्या साली मी गेलो तर घरात सुतक पडल्यासारखं. शेठ भिंतीला टेकून बसलेले. बायको पदर तोंडाला लावून. मी चप्पल दारातच काढून हळू विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही, भिलाभाऊ," शेठ म्हणाले. "पेपर सोपे निघाले. पास झाला!"

मेहुणा कोपऱ्यात मान खाली घालून उभा. "दाजी," तो म्हणाला, "दुसऱ्या वर्षाला नक्की नापास होतो. शपथ!"

*

रावेरकडचे एक पाटील गावात घर बांधून राहिलेले. कापूस भरपूर. त्यांनी अर्जात लिहिलं, 'विद्यार्थ्यास स्वतंत्र अभ्यासिका.' मी गेलो. पाटलांनी खोलीचं दार उघडलं. आत आढ्यापर्यंत कापूस.

"विद्यार्थी कुठंय?"

"वर शे ना!"

मी मान वर केली. छत आणि कापूस यांच्या फटीत एक डोकं दिसलं. डोक्याला रुई, मिशीला रुई. जानेवारीत बर्फाच्या मुलखातून माणूस यावा तसा.

"खाली उतर," मी म्हटलं.

"आबा, नका सांगू," पोरगा वरून ओरडला. "उतरलो की परत चढायला दोन माणसं लागतात!"

मी पाटलांना म्हटलं, "कापूस विका की. पोराला जागा होईल."

"विकू. भाव वाढू द्या."

"आणि परीक्षा?"

"ती एप्रिलला ठरलेली. तिना भाव काही वाढत नही!"

मार्चपासून पाटलांनी थोडा थोडा कापूस काढला. पोरगा दर आठवड्याला वीतभर खाली यायचा. परीक्षेच्या आधी चार दिवस जमिनीला टेकला. चांगला पास झाला. वर तो काय करील बिचारा, वाचण्याशिवाय!

त्याचंही 'समक्ष पाहिले' लिहिलं. दिसलं म्हणजे झालं, असं मला तेव्हा वाटायचं.

*

आता वाणी साहेबांची माझ्या घरची पहिली फेरी. माघ असावा. मी ऑफिसातून त्यांच्या मागोमाग चाललेलो. पुढं पळत जाऊन सांगायची सोय नव्हती; साहेबांनी सायकल माझ्याच हातात दिलेली, ढकलायला.

दारात कौतिक.

"सूनबाई कुठं आहेत?" वाणींनी विचारलं.

"वर. पत्रावर."

"अभ्यासाला?"

"बिबडे वाळाले!"

वाणींनी अंगणातून वर पाहिलं. शालिनी पत्र्यावर उकिडवी बसून धोतरावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, घालत होती. साहेबांना बघून तिनं डोक्यावर पदर घेतला. साहेबांनी खिशातलं पेन काढलं. लिहिलं, 'दिसले नाही.' पेन खिशात ठेवलं.

मी म्हटलं, "साहेब, ती रोज कॉलेजला जाते."

"कॉलेज पाहायचं नाही, भिला. अध्ययन पाहायचं आहे."

दुसरी फेरी महिन्याभरानं. त्या आठवड्यात मी घरी सांगून ठेवलं होतं, तिला खिडकीत पुस्तक घेऊन बसवा. गोदूबाईची रीत! कौतिक कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ती खिडकीमा बठी राही, मंग भाकरी कोन थापी? तुना वाणी?"

शालिनी हळूच म्हणाली, "आबा, दिखाव्याला नाही बसवत मला. रिकामं बसून वाचायचं तर तेवढ्यात दळण होतं."

आणि वाणी आले तेव्हा ती दळणाच्या गिरणीवरच होती. 'दिसले नाही.' दुसऱ्यांदा.

एक फेरी उरली.

*

हा पुढचा हसायचा नाही. गाळायचा असेल तर अंकातून गाळा, पण मी सांगणार.

निर्मला नावाची पोरगी होती, शिरपूरकडच्या खेड्यातली. बाप जिनिंगमध्ये हमाल. गावात खोलीसाठी ती पाच घरं फिरली, पाचही घरांनी आडनाव विचारून नाही म्हटलं. का, ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. सहाव्यानं दिली ती घरपट्टी माफ होते म्हणून. वर त्या घरानं तिच्याकडून धुणीभांडीही करून घेतली.

मी तीन वेळा गेलो. पहिल्यांदा ती भांडी घासत होती. दुसऱ्यांदा धुणं. तिसऱ्यांदा अंगण सारवत होती. मी इमानदार माणूस. तिन्ही वेळा लिहिलं, 'दिसले नाही.' माफी रद्द झाली. घरमालकानं दुसऱ्या दिवशी तिची पेटी ओट्यावर ठेवली.

ती ऑफिसात आली. रडली नाही, भांडली नाही. माझ्या स्टुलापाशी उभी राहिली.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही आलात तेव्हा मी पाठ म्हणत होते. तिन्ही वेळा. भांडी घासताना मी पाठच म्हणते. तुम्ही विचारलंच नाही."

मी म्हटलं, "पोरी, मला दिसलं नाही."

"विचारलं असतं तर म्हणून दाखवला असता."

ती गेली. मी वही घेऊन वाणींच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, "साहेब, माझं चुकलं. तिचं नाव परत यादीत घ्या."

"तू पाहिलं होतंस का?"

"नाही. पण तिच्या डोक्यात चालू होतं."

वाणींनी वही बघितली, मला बघितलं. "डोक्यात चाललेल्याला वहीत कॉलम नाही, भिला."

निर्मलानं पुढं एस.टी.नं येजा करून वर्ष काढलं. पास झाली असं ऐकलं. मला भेटली नाही, आणि मीही गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार होतो?

*

निर्मला गेली त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा शालिनी भाकरी थापत होती. मी पाट ओढून चुलीपाशी बसलो. म्हटलं, "खरं सांग. भाकरी करताना मनात काय म्हणतेस?"

ती दचकली. मग म्हणाली, "अर्थशास्त्राचा कालचा धडा, आबा. पण मधेच अडतं. हात धुऊन वही बघायला उठले की अक्का ओरडतात, तवा जळतो."

"वही कुठंय?"

"पिठाच्या डब्यामागं."

मी वही काढली. चष्मा लावला. चौथी पास माणूस एकेक अक्षर लावत वाचायला लागलो. कौतिक म्हणाली, "पुरुष माणूस चूलपान बठस, लाज नही का?" मी म्हटलं, "शब्द मी दिलाय, लाज माझ्यापाशी राहू दे."

त्या दिवसापासून रोज. ती थापायची, मी वाचायचो. मी अडलो की ती पुढचं म्हणायची, ती अडली की मी ओळ शोधायचो. निम्म्या वेळा ओळ सापडेपर्यंत भाकरी होऊन जायची. कौतिक भाजी चिरत तोंड वाकडं करून ऐकायची. ऐकायची, हे महत्त्वाचं.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आखाजीला आपल्याकडे लेकी माहेरी येतात. माझी लेक पोरांना घेऊन आली आणि लिंबाच्या झोक्यावर जाऊन बसली. शालिनीला चाळीसगावहून बोलावणं आलेलं, पण परीक्षा आठ दिवसांवर, म्हणून ती राहिली. राहिली म्हणजे मांडे तिच्याच गळ्यात! खापरावरचे मांडे ज्यानं पाहिलेत त्याला सांगायला नको. पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही हातांवर फिरवून फिरवून परातीएवढा करायचा, मग उलट्या खापरावर टाकायचा. हात कोपरापर्यंत गुंतलेले. नाक खाजवायची सोय नाही, पुस्तक कसलं धरते!

आखाजीच्या आदल्या दिवशी मी रजा टाकली होती. अंगणात चूल पेटवलेली, धूर माझ्याच तोंडावर. मी वही धरून पाटावर.

"करा... घात..." मी वाचलं.

"कर ज्याच्यावर आकारला जातो, त्याच्यावर कराघात," शालिनी म्हणाली, हातावर मांडा फिरवत. "पुढं, आबा."

"कर... कर..."

"अरे, करभार राह्यना!" कौतिक पुरण वाटता वाटता ओरडली. "काल तठेच अडकनता तू!"

कौतिकला सही येत नाही. अंगठा उठवते. मी वहीतून मान वर केली, आणि मान वर केली तर फाटकात वाणी साहेब!

किती वेळ उभे होते देव जाणे. सायकल धरून. मी उठायला गेलो तर पाट उलटला. शालिनीचे हात मांड्यात. ओट्यावर ना पुस्तक, ना खुर्ची, ना टेबल. शेवटची फेरी, आणि सून चुलीपाशी! माझ्या कानात बैठकीतला माझाच शब्द वाजायला लागला.

वाणी आत आले. चुलीपासून चार हातांवर थांबले. कौतिकला म्हणाले, "बाई, करभार म्हणजे काय?"

कौतिकनं हात पदराला पुसले. "ज्याना नाववर कागद येस, त्यानावर कराघात. ज्याना खिसामाईन पैसा जास, त्यानावर करभार." मग त्यांच्याकडे बघून म्हणाली, "सोपं शे ते. पुढलं कठीण शे."

"पुढलं काय?" वाणींनी मला विचारलं. मला! वही माझ्या हातात होती ना.

आता धूर होता. चष्म्यावर वाफ. पाट उलटल्यामुळं पान गेलेलं. मी पान उलटलं, परत उलटलं. "कर... सं... सं..." करत राहिलो. झोक्यावरची माझी लेक हसायला लागली. तिची पोरं हसायला लागली.

शालिनीनं मांडा खापरावर टाकला, मान न वळवता म्हणाली, "करसंक्रमण. एकावर बसलेला कर दुसऱ्यावर ढकलणं. घरमालकानं घरपट्टी भाडेकरूच्या भाड्यात घालणं, हे उदाहरण." आणि तसंच पुढं सगळं उत्तर, दुसरा गोळा हातावर घेत, थांबा न घेता, शेवटपर्यंत.

वाणींनी खिशातून पेन काढलं. बराच वेळ लिहीत होते. मग, नोकरीत पहिल्यांदा, पट्टीच्या घरी बसून त्यांनी मांडा खाल्ला. दुधाबरोबर. दोन!

माफी राहिली. शालिनीनं दुसरंही वर्ष केलं, आणि पोरगी एम.ए. झाल्याचा निरोप कौतिकनं स्वतः चाळीसगावला धाडला.

त्या मांड्यांच्या दिवशी साहेबांनी वहीत काय लिहिलं ते मला आखाजी उलटल्यावर अख्ख्या ऑफिसनं वाचून दाखवलं. पुढं ती वही धुळ्याला ऑडिटला गेली. ऑडिटवाल्यानं ओळीओळीपुढं हिरव्या शाईनं बरोबरची खूण करून परत पाठवली. एकाही ओळीपुढं प्रश्नचिन्ह नाही. ओळी अशा होत्या:

'सून – अध्ययन समक्ष पाहिले. सासू – तयार. भिला – कच्चा.'

त्या धुरात भल्याभल्याला ओळ सापडली नसती. साहेब रिटायर होऊन धुळ्याला मुलाकडे राहतात, तब्येत ठणठणीत आहे असं ऐकतो. तुमचा हा अंक त्यांच्याकडे जाणारच, म्हणून नाव पुरं घालतो. ज्यांनी माझी माफी मागायची आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी मागितलेली नाही, ते मुरलीधर वाणी.